पुसण्याआधी

माझी धाकटी बहीण जीव मारण्याचा पगार घेते, असं मी तिला चिडवायचे. ती कामाला होती तिथे एक यान बांधत होते, दूरच्या ग्रहावर चाकांवर फिरून जीवसृष्टी आहे का ते शोधायला. धाकटी नखशिखांत पांढरा पोशाख चढवून त्या यानाचा स्क्रू न् स्क्रू स्पिरिटने पुसायची.

"अगं ताई, आपलेच जंतू तिकडे जाऊन बसले, तर सापडणार कोण? आपणच!" हे सांगताना तिचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं.

तिचा नवरा चारचौघांत गरीब गाय, आणि दार लागलं की कसाई. कधी पट्टा, कधी कुकरचं झाकण. एकदा तर त्याने तिचं डोकं नळावर आपटलं. ती आमच्याकडे पळून आली की आई आधी फडकं घेऊन धावायची. फरशी पुसायची, तिचं तोंड पुसायची, आणि "जावईबापू जरा तापट आहेत" म्हणत संध्याकाळी परत धाडायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण धाकटीच माझे हात धरायची. बभ्रा झाला तर काम जाईल, ही तिला धास्ती. त्या कामावर तर ती जगत होती.

एका सकाळी त्याने तिच्या नाकावर बुक्की मारली. ती तशीच कामावर गेली. यानाखाली वाकली आणि नाकाचा घोळणा फुटला. मास्क भिजला, एक थेंब चाकावर पडला. कुणी पाहिलं नव्हतं. फडकं हातात होतं. पण तिथला नियम असा की डाग कुठून आला ते कळल्याशिवाय पुसायचा नाही.

"काम थांबवा!" ती ओरडली.

सगळे जागच्या जागी थांबले. मुख्य बाई धावत आल्या. "रक्त आलं कुठून?"

"नवऱ्याने मारलं."

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला, आणि तोही चाकासाठी! मला अजून संताप येतो. पण बाई भल्या निघाल्या. काम कुठे जात नाही, आधी तक्रार दे, म्हणाल्या.

ती सरळ आमच्याकडे आली. उद्या तक्रार द्यायची, असं ठरलं. संध्याकाळी ती इस्त्री करत बसली होती. तिच्या नवऱ्याच्या कानावर हे गेलंच होतं. लाथेने दार उघडून तो आत घुसला, तिचे केस धरून त्याने तिला फरफटत नेलं आणि उंबऱ्यावर तिचं तोंड आपटलं. मी त्याच्यावर तुटून पडले. त्याच्या कोपराने माझा दात पडला. तो पुन्हा तिच्याकडे वळेपर्यंत तिने तापलेली इस्त्री उचलली होती. एकदा घातली कपाळात. तो डगमगला. पुन्हा घातली. मग तो दारातच कोसळला आणि विव्हळत राहिला.

खरं सांगते, मला बरं वाटलं. तोंडातलं रक्त थुंकून मी पोलिसांना फोन लावला.

आई सवयीने फडकं घेऊन धावली. ती खाली वाकली, तोच धाकटीने तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस, आई. त्यांना येऊ दे. विचारू दे, कुठून आलं ते."