मामा नसलेली मुलगी

लग्नाच्या हॉलमध्ये मसालेभाताचा वास आला की मला नौपाड्यातलं ते वधूवर मंडळ आठवतं. त्यांची वेबसाइट मी जावास्क्रिप्टमध्ये बनवलेली, आणि मेळाव्याच्या दिवशी मोठ्या पडद्यावर एकेका मुलीची माहिती दाखवत बसलेलो. आपल्याकडे स्थळ म्हटलं की मामांचं गाव विचारतातच, म्हणून माझा कोडही प्रत्येकीच्या मामांकडे जाऊन त्यांचं गाव घेऊन यायचा. डोंबिवलीच्या एका मुलीचा नंबर आला आणि पडदा पांढराफटक पडला. शिक्षण, नोकरी, फोटो, सगळंच गायब! तिच्या आईला भाऊच नव्हता, आणि नसलेल्या मामाचं गाव विचारल्यावर प्रोग्रॅमने तिथेच मान टाकली. पहिल्या रांगेतून आई कडाडली, "म्हणजे, मला भाऊ नाही म्हणून माझी मुलगीच पुसलीत?" सगळा हॉल हसला. मुलगी मात्र उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आधी मामा आहेत का ते तरी विचारा ना!" घाम पुसत मी कोडमध्ये मामापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं: मामा असेल तरच गाव विचार, नसेल तर ती जागा रिकामी सोडून पुढे चल. फोटो आला. मी तो जरा जास्तच वेळ पडद्यावर ठेवला. वर्षभराने मी अंतरपाटाआड उभा असताना गुरुजी ओरडले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" पुन्हा तोच नसलेला मामा! पण गुरुजी श्वासही न घेता पुढे म्हणाले, "मामा नसतील तर मावशी चालेल, मुहूर्त थांबत नाही." बायको अजून म्हणते, गुरुजींना तुझ्यापेक्षा चांगलं कोडिंग येतं.