थोरलीची सर

हल्ली पेपरात नेहमी येतं, अमका पिक्चर म्हणे तमक्याचा रिमेक, पण पहिल्याची सर दुसऱ्याला नाही. वाचलं की मला हसू येतं. अरे बाबांनो, ह्या विषयात मला कुणी शिकवू नका. मी हा संसार केलाय.

नांदेडहून मला लातुरात दिली ती बिजवराला. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं, अर्थात अखेरची हे तेव्हा कुणाला माहीत होतं! ह्यांची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत होती आणि पहिली बायको तापानं गेलेली. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं, तर ते थोरलीचंच नाव! मी ऐकतेय ह्याची पर्वा न करता सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "भांड्यांवर घातलेलं हाय की ते नाव. आता सगळे हंडे-कळश्या पुन्हा ठोकून घेत बसायचं का?"

झालं. हंड्यांचा खर्च वाचावा म्हणून माझं नाव गेलं. वर गळ्यात थोरलीचा चांदीचा टाक घातला. दुसरीनं पहिलीची आठवण गळ्यात वागवायची ही रीतच होती. पाटल्या नकोत, पैठणी नको, मला माझ्या बापानं ठेवलेलं नाव तेवढं परत हवं होतं. पण मागायचं कुणाकडं? सोन्यासारखी सोयरीक मिळाली म्हणून माहेरचे खुशीत होते.

आमच्या ह्यांना जगात दोनच गोष्टींची हौस होती, सिनेमा आणि खोड काढणं. अडतीच्या कामानं बार्शीच्या छोट्या गाडीत बसायचे, सोलापूर गाठायचे, आणि तिथं इंग्रजी मुलखात नवा बोलपट लागला असेल तो पाहूनच परतायचे. मग ओसरीवर महिनाभर त्याचं कीर्तन चालायचं. आणि घरात माझ्यावर. मी भाकरी वाढली की, "थोरलीच्या भाकरीचा पापुद्रा कसा कागदासारखा सुटायचा." वरण वाढलं की, "हाय चांगलं. पण थोरलीची सर न्हाई." मी रांगोळी काढली, तरी तेच. एकदा मला शिंक आली तेव्हा हे माझ्याकडं असे बघून राहिले, की मला वाटलं आता शिंकेलाही थोरलीची सर नाही म्हणतात!

पुढं लातुरात तंबूतला सिनेमा आला. ह्यांनी सोलापुरात जो मराठी बोलपट पाहून डोळे पुसले होते, त्याचीच गोष्ट घेऊन दुसऱ्या एका कंपनीनं हिंदीत काढलेला. गोष्ट साधी. नवरा बायकोवर संशय घेतो, तिला घराबाहेर काढतो. मराठीत ती शेवटी नदीत जाते आणि तो काठावर ऊर बडवून रडतो. हिंदीत मात्र नावाडी तिला वर काढतो, ती भावाच्या घरी राहते, आणि नवऱ्याला तिच्या दारात येऊन उभं राहावं लागतं.

आम्ही सगळी गेलो. मधे कनात, अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. मशीन एकच. रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत तंबूत उजेड व्हायचा, आणि प्रत्येक उजेडाला आमचे हे उभे! "मराठीतली जात्यावर बसली तर खरी ज्वारी दळत होती. ही बघा, मोकळंच जातं फिरवून राहिली! आणि रडली तरी काजळ जागच्या जागी!" काजळाचं खरं होतं, मी पण हसले. पण पुढं काय होणार तेही हे आधीच सांगायला लागले, तेव्हा मागून कुणी तरी ओरडलं, "अजी बैठो जी! आगे का नक्को बोलो!" सगळा तंबू हसला. बायकांकडून तर जास्तच. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाचा हो हा माणूस?" मी म्हटलं, "काय की बाई."

पण शेवटाला माझं हसू पळालं. ती बाई उंबऱ्यात उभी, नवरा अंगणात, आणि ती त्याला आत ये म्हणत नाही. नुसती बघते.  मला रडू फुटलं आणि माझं काजळ मात्र पार गालावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बैठक भरली. ह्यांचे एक जुने दोस्त होते, शाळेत उर्दू शिकवणारे मास्तर, सोलापूरलाही जोडीनं जायचे. मी चहाचे कप सरकवून दाराआड उभी राहिले. सासूबाई आत गहू निवडत होत्या.

"वाटोळं केलं," हे म्हणाले. "पहिली ती पहिली. काय तिचं ते नदीकडं चालत जाणं! हिला तिची सर यायची न्हाई." मग एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "चहात आलं कमी हाय. थोरली ठेचून घालायची."

मास्तर मोठ्यानं हसले. "अरे, तू तर कमालच करतो! तो मराठी बघून आलो तेव्हा गाडीत बार्शीपर्यंत माझं डोकं खाल्लंस. काय म्हणत होतास? नाटकात जी मजा होती ती बोलपटात न्हाई, त्या नाटकातल्या बाईची हिला सर न्हाई! आता तीच पहिली झाली का?"

हे काही तरी पुटपुटले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरुषांच्या बैठकीत बायकांनी बोलायचं नसतं हे मला चांगलं कळत होतं. तरी मी दाराआडून विचारलंच.

"आणि थोरल्या बाईंना हो? त्या होत्या तेव्हा त्यांना कुणाची सर नव्हती?"

 आतून सुपाचा आवाज थांबला.

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या हातची सर न्हाई म्हणून रोज ताट सारायचा. रडायची बिचारी चुलीपाशी. मेली तेव्हापासून सुगरण झालीय ती."

मास्तरांनी चपला शोधायला सुरुवात केली. माझ्या अंगाची नुसती आग झाली. माझ्यासाठी थोडी, तिच्यासाठी जास्त. मेल्यावर एवढं कौतुक करणारा माणूस, जिती होती तेव्हा एक चांगला शब्द देताना ह्याच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

"मग हे नाव मला नको," मी म्हटलं. "माझ्या नावानं हाक मारा. ह्या नावाला मी ओ देणार नाही."

"बरं बरं," म्हणत हे उठले आणि तरातरा न्हाणीत शिरले. जरा वेळानं आतून हाक आली, थोरलीच्या नावानं. पंचा विसरले होते. मी मेथी निवडत बसले. पुन्हा हाक. मी एकेक पान खुडत राहिले. मग "आई!" म्हणून झालं. सासूबाईंनी सूप हातात घेतलं आणि खालमानेनं पाखडू लागल्या. भिंतीपलीकडं शेजारीणही धुणं थांबवून ऐकत असावी, कारण आपटायचा आवाज बंद झाला होता.

शेवटी न्हाणीतून माझं नाव आलं. माझं, माहेरचं, आधी हळू, मग थंडीनं कुडकुडत चांगलं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी "ओ" दिली आणि पंचा नेऊन दिला.

त्या दिवसापासून तेच नाव चाललं. पुढं हंड्यांना कल्हई करायला कल्हईवाला आला तेव्हा ह्यांनी आपणहून विचारलं, जुनं नाव घासून तुझं घालायचं का? मी नको म्हटलं. भांडी तिची होती, आणि तिच्या नावानं गोड हाक मारलेली तिनं कधी ऐकली नव्हती. निदान हंड्यावर तरी ते राहू दे.