भोपळा बांधल्याबिगर

पिशोरच्या मनकर्णाबाईला कुणी घाबरट म्हटलं असतं, तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. बारा बायांच्या टोळीची ती मुकादम. मका काढणीला कुणाचं वावर आधी न् कुणाचं मागून, हे तिच्या तोंडून ठरायचं. मालकानं उगा रुबाब दाखवला तर टोळी बांधावरूनच माघारी फिरायची. अशी ही बाई दोन वर्षं मळणीच्या मशीनचा आवाज कानावर आला की घरात शिरून कडी लावून घ्यायची. आता बोला.

झालं ते असं. मक्याची मळणी चालली होती. थोरली जाऊ आवडाबाई मशीनच्या तोंडाशी कणसं लोटत होती आणि मनकर्णा मोटारीच्या खटक्याशी उभी होती. आवडाबाईचा पदर आत ओढला गेला, पदरामागून हात. मनकर्णानं खटका पाडून मशीन बंद केलं, पण त्याआधी ती जागच्या जागी थिजली होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिच्या मनात तो वेळ अजून सरला नव्हता. आवडाबाई जिवानिशी वाचली, पण डावा हात कोपरापासून गेला.

पुढचा घोळ घरच्यांनी मायेपोटी घातला. "त्या दिवसाचं नाव काढायचं नाय," असं मनकर्णाच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, सगळ्यांना बजावलं. घरचा मका मळायला तो लांब सिल्लोडकडं नेऊ लागला. दोघी जावा एकाच चुलीशी बसायच्या, धाकटी भाकरी थापायची, थोरली एका हातानं भाजायची, पण त्या दिवसाचा शब्द कुणाच्या तोंडून निघायचा नाही. मनकर्णाला वाटायचं, थोरल्या बाई बोलत नायत म्हणजे मनात धरून बसल्यात.

त्यात धाकटा दीर सांडू. अतिशहाणा, त्याचा बैल रिकामा! "वहिनी, विहिरीत ढकलल्याबिगर पवायला येत नसतंय," म्हणाला आणि उन्हाळी मक्याला तिला धरून चालू मशीनपुढं नेलं. ती तिथंच कोसळली. पुढं महिनाभर तिला ना झोप, ना अन्न गोड लागे.

शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी तिला संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. तिथं उमाताई होत्या, मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणाऱ्या.

"मी येडी नाय," बसायच्या आधीच मनकर्णानं सांगून टाकलं.

"बरं. मग काय पाहिजे तुम्हाला?"

"दिवाळीनंतर खटक्याशी उभं राहायचंय. टोळी माझी हाय. दुसरीच्या हाती देणार नाय."

सांडूचा पराक्रम ऐकून उमाताईंनी विचारलं, "तुमच्याकडं पोरांना नुसतंच विहिरीत ढकलतात?"

मनकर्णा म्हणाली, "नाय. आधी कमरेला वाळला भोपळा बांधतात. अन् पाण्यात कुणीतरी पवणारं असतंय."

"मग दिरानं तुम्हाला भोपळा कुठं बांधला होता?"

मनकर्णा हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाही आठवेना.

तिचा भोपळा तसा साधाच होता. छाती धडधडली की पाय भुईवर रोवायचे, श्वास हळूहळू सोडायचा, समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचं. तो बांधला की मग पायरी पायरीनं पाण्यात. दर गुरुवारी ती एसटीनं जायची आणि त्या दिवसाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. पहिल्या खेपेला पदराशीच अडली. चौथ्या खेपेला रडत का होईना, शेवटाला पोचली. मग फोनवर मशीनचा आवाज ऐकायचा, आधी बारीक, मग मोठा. खांडेनवमीला अवजारं पुजतात, तेव्हा मशीन धुऊन, झेंडूची माळ घालून बंद ठेवलेलं असतं. त्या दिवशी तिनं स्वतः जाऊन त्याला कुंकू लावलं.

"आता पाण्यात सोबतीला कोण?" उमाताईंनी विचारलं. मनकर्णाला उत्तर माहीत होतं. इतके दिवस तिनं तेच तर टाळलं होतं.

त्या संध्याकाळी चुलीशी तिनं मान खाली घालून सांगून टाकलं, "बाई, मी थिजले होते. खटका लवकर पडला असता तर तुमचा हात राह्यला असता."

आवडाबाईनं तव्यावरची भाकरी उलथली. "व्हय, थिजली होतीस. मी तुझ्याकडंच बघत होते. बाकीच्या साऱ्या पळाल्या गं. तू तेवढी जागा सोडली नाय. खटक्याशी कुणीच नसतं तर आज ही भाकर कोण भाजत होतं?"

"मग इतके दिवस बोलल्या का नाय?"

"पुंजाराम भावजींनी बजावलेलं. वाटलं, बोलले तर तू पुन्हा पडशील." तोवर भाकरी करपली. दोघी रडत होत्या, कुणाचं लक्ष होतं!

दिवाळी झाली. मशीन वावरात आलं. "पदर कमरेला खोचा. जिचा लोंबता दिसला ती घरी जाईल," मनकर्णानं टोळीला दम भरला. आवडाबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मनकर्णानं खटका वर केला, मशीन धडधडलं, तशी तिनं आवडाबाईचा खांदा धरला.

"वहिनी, बसता का जरा?" सांडू म्हणाला.

"तू गोण्या उचल."

पाय रोवून ती पुटपुटू लागली, बाभळ, पाटी, गोणी, सांडू. आणि मग काहीएक कारण नसताना तिनं खटका खाली पाडला. मशीन थांबलं. बाया बघतच राहिल्या.

"काय झालं गं?" आवडाबाईनं विचारलं.

"काय नाय. हात चालतोय का बघितलं," मनकर्णा म्हणाली आणि तिनं खटका पुन्हा वर केला.