कळशी भरा, मग सही

वेल्ह्याच्या डोंगरावरल्या धनगरवस्तीत भागूबाई ढेबे पाणी समितीच्या अध्यक्षा होत्या. चाळीस वर्षं शेरडांमागं हिंडून त्यांना एकेका झऱ्याचा स्वभाव ठाऊक झाला होता. नळयोजनेच्या पाहणीला साहेब आले, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "ह्यो झरा होळीला आटतो. वरचा बारमाही हाय."

पण आराखडा आधीच तयार होता. त्याच झऱ्यावर टाकी बांधली, पाइप पुरले, नळ बसले. होळी झाली आणि नळ कोरडे पडले.

एप्रिलात तेच साहेब काम पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन आले. "मावशी, इथं अंगठा द्या. प्रकल्पाची मुदत संपतेय."

भागूबाईंनी रिकामी कळशी नळाखाली आदळली. "आमचं पाणी संपलंय, त्येचं काय? आराखडा करताना आमचं ऐकलं न्हाई, आन् आता अंगठा पायजे व्हय? मला सही येती. पर आदी ही कळशी भरा!"

दाखला कोराच परत गेला. आठवड्यानं नवे अभियंते फेरपाहणीला आले, ते थेट भागूबाईंच्या ओसरीवर बसले आणि वरच्या झऱ्याबद्दल विचारू लागले. भागूबाईंनी चहा दिला, पण राग काही गिळला नाही. "हे पयल्यांदाच इचारलं असतं, तर आमच्या पोरींनी म्हैनाभर हंडे वाहिले नसते."