अंझिरतच्या हातचा नान

माझी मोठी जाऊ अंझिरत. तिच्या हातांवर कोड उठलं त्याला अकरा वर्षं झाली. हे कुणाला लागत नाही, असं मार्गिलान शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या गल्लीनं डॉक्टरांना विचारलंच कुठं होतं? पहिल्या वर्षी तिची नान घेणारी गिऱ्हाइकं गेली. मीही माझा तंदूर वेगळा केला, माझा नान जास्त खरपूस होतो म्हणून. हळूहळू तिनं लग्नांना जाणं सोडलं. कडी वाजली की आधी बाह्या खाली ओढायची, मग दार उघडायची.

आता तिच्या एकुलत्या एका लेकीला, लोबारला स्थळ आलं. आमच्यात मुलीच्या आईनं नान मोडायचा आणि दोन्हीकडच्या बायकांनी खायचा, की सोयरीक पक्की. एकीनं जरी तुकडा खाली ठेवला तरी संपलं.

"माझ्याऐवजी तू मोड गं," ती म्हणाली.

"आई जिवंत असताना काकूनं? अपशकुन करतेस का पोरीला?"

मग तिनं बाजारातून चेहऱ्याचं गव्हाळ क्रीम आणून मनगटापर्यंत थापलं. झकास दिसत होतं. नान मोडण्याआधी हात धुवायचे असतात, हे आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पाहुण्या बसल्या. मुलाच्या आईनं, मस्तुरानं, मानानं झारी स्वतः उचलली. "आणा हात, विहीणबाई."

"माझे धुतलेत..."

"असं कसं? एवढा तरी मान द्या मला."

पाणी पडलं आणि खाली धरलेल्या तस्तात तपकिरी ओघळ उतरले. अंझिरतच्या हातांवरचे पांढरे डाग उघडे पडले.

"किती वर्षं?" मस्तुरानं विचारलं.

"अकरा."

"आणि लोबारला?"

"नाही. अजून तरी नाही."

मस्तुरानं झारी खाली ठेवली. "मोडा नान. चहा निवतोय."

अंझिरतनं मोडला. मस्तुरानं तुकडा तोंडात टाकला. तिच्या दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, मग त्यांनीही खाल्ला.

अंझिरतचं तिकडं लक्षच नव्हतं. ती भेदरून माझ्याकडे बघत होती. माझा तुकडा अजून मुठीतच होता, घामानं ओला झालेला.

"खा गं," ती हळूच म्हणाली, "लागत नाही."

लाजेनं मान खाली घालून मी तुकडा तोंडात टाकला. अकरा वर्षांनी मी तिच्या हातचा नान खाल्ला.