माळाईचं कवच

"हिला सांग, अजून एकदा लाव म्हणावं. तहसीलदारसाहेब आत्ता आलेत, त्यांनी बघितलं नाही." जहागीरदार मला म्हणाले.

माझी बायको हौसा देवीपुढं उकिडवी बसली होती. हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी. देवीच्या पायाला तिनं नुकतंच बोट टेकवलं होतं. पहारेकऱ्यानं धावत येऊन तिचं मनगट धरलं, मागं ओढलं, तेव्हा जहागीरदारांनीच त्याला थांबवलं. मला वाटलं मालकाला दया आली. दया कसली! मेहमानांना मजा आली होती. एकानं सरबताचा पेला खाली ठेवला, दुसऱ्यानं खुर्ची पुढं ओढली.

हौसानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, लाव.

तिनं परत लावला. त्या एका 'लाव'ची लाज मला अजून वाटते.

हे जालन्यात घडलं, निजामाच्या राज्यात, जहागीरदारांच्या बंगल्यात. बंगल्यात त्यांनी अजायबघर केलं होतं. गावोगावच्या मूर्ती, तलवारी, जुनी भांडी. त्याची झाडलोट करण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. पाठ वाकली तशी नोकरी सुटली. निरोपाच्या दिवशी जहागीरदारांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून हाही आमच्या अजायबघराचा मेंबर. मेंबर म्हणजे वकील, सावकार, अंमलदार. जुम्म्याच्या सुट्टीला ते बायकामुलांना घेऊन यायचे, बागेत बसायचे, ग्रामोफोन ऐकायचे, मूर्ती बघायचे. मला मोहोर मारलेली चिठ्ठी मिळाली. त्यात 'कुटुंबासह' असं लिहिलंय, मुनशीनं वाचून दाखवलं. माझ्या गावी, वडीगोद्रीला आलो आणि ती चिठ्ठी गावभर दाखवत फिरलो. वाचता कुणालाच येत नव्हती, पण मोहोर सगळ्यांनी बघितली. शेफारलो होतो, दुसरं काय.

त्या अजायबघरात आमची माळाई होती. आम्ही मेंढरंवाले. आमची देवी माळावर, उघड्यावर. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर लावून लावून तिचा नुसता लाल गोळा झाला होता. नाक-डोळे कुणी पाहिले नव्हते. मी तरणा असताना जहागीरदार शिकारीला आले, शेंदराचा एक कोपरा निघाला होता तिथं त्यांना कोरीव बोट दिसलं. झालं. हुकूम सुटला. गाडीत चढवायला खांदे हवे होते. माणसं मागं सरली, मी पुढं झालो, कारण नोकरी देतो म्हणाले होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी.

जालन्यात नेल्यावर मला सांगितलं, घास. ऊन पाणी, सोडा, काथ्या. आठ दिवस मी माळाईला घासत होतो. खपल्या निघत होत्या. शेवटी आतून एक बाई निघाली, कमरेत वाकलेली, देखणी. जहागीरदार खूश. खाली पाटी लागली. मुनशीला विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाला, नाचणारीण. त्यांच्या स्वतःच्या देवघरात चांदीचे देव होते. रोज सोवळ्यात पूजा व्हायची. त्या देवांना कुणी पाटी लावली नव्हती.

आमच्यात असं आहे, देवीचं शेंदराचं कवच कधी आपोआप गळून पडतं. तो मोठा शुभ योग. ते कवच वाजतगाजत नदीत सोडतात. मी सगळ्या खपल्या फडक्यात बांधून गावी आणल्या आणि खोटं बोललो. वाटेत कवच गळालं म्हणालो. लोकांनी हलगी वाजवत ते गाठोडं गोदावरीत सोडलं. माझ्या पाया पडले. आई गेली, पण आपला माणूस तिच्या सेवेत आहे, असं समजून बाया माझ्यासोबत नारळ पाठवायच्या. ते नारळ मी बंगल्यातल्या स्वयंपाक्याला द्यायचो.

हौसानंही हेच खरं मानलं. तिचा एकच घोर होता. नवी सून आली की माळाईच्या अंगाचा शेंदूर तिच्या कपाळाला लागल्याशिवाय तिनं नैवेद्याला हात लावायचा नाही, ही आमच्या घराची रीत. आमची सून पारू येऊन चार वर्षं झाली होती. पोर गुणाची, पण सणाला चुलीपासून लांब बसायची आणि बाया कुजबुजायच्या. मेंबर झालो तशी हौसा म्हणाली, आता तर आपल्याला कुणी अडवायचं न्हाई. मुलानं बैलगाडी जुंपली. दोन दिवसांची वाट. हौसा वाटभर हसत होती. तिला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

मुलगा बैलांपाशी थांबला, आम्ही तिघं आत गेलो. माळाईला बघून हौसा थांबली. मग पुटपुटली, "आई उघडी हाय." आणि पदराखालून वाटी काढली.

पुढचं सांगितलंच. दुसऱ्यांदा लावून झाल्यावर पारूनं कपाळ पुढं केलं. हौसानं हात मागं घेतला.

"तमाशातला शेंदूर हाय ह्यो. लेकराच्या कपाळाला लावायचा न्हाई."

मेहमान हसले. जहागीरदार माझ्याकडं वळले. "आता घासून टाक जल्दी. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही." आणि वकिलाला सांगू लागले, ही मूर्ती यानंच तर साफ केली होती.

काथ्या आणि घमेलं माझ्यापुढं आलं. मी काथ्या उचललासुद्धा. वीस वर्षांची सवय. पण हौसाचं तोंड दिसलं आणि हात उघडला.

"सरकार, मी घासणार न्हाई."

"तू मेंबर आहेस ना?"

"न्हाई."

चिठ्ठी काढून खुर्चीवर ठेवली. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. जहागीरदारांनी नुसतं बोट केलं आणि माझ्या जागेवर आलेला गडी खाली बसला. मीच शिकवलं होतं त्याला. तो घासत होता आणि हौसा बघत होती. जागची हलेना. मग तिनं मला विचारलं, "तुमी बी आसंच घासलं व्हतं?"

"हो."

"मंग कवच गळालं म्हनून सांगितल्तं, ते?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि तोंड फिरवते.

गावी आल्यावर लोक जमले. आई बरी आहे का, विचारू लागले. मी सगळं सांगून टाकलं. खपल्या, नारळ, सगळं. पंचांनी वाळीत टाकलं. विस्तव मिळेना, पाणी मिळेना. त्यांचं बराबर आहे. पण पारूनं कुणाचं काय केलं होतं? ती अजून चुलीपासून लांब बसते.

मग निजामाचं राज्य बुडालं. बंगल्याला कुलूप लागलं. माळाई कुठं गेली, कुणी सांगत नाही. ती परत येईल असं मला वाटत नाही. हौसा बोलेल असंही वाटत नाही.

परवा नवे साहेब आले. टोपी वेगळी होती. वेशीबाहेरचा वीरगळ त्यांनी फीत लावून मोजला आणि विचारलं, गाडीत चढवायला गावात माणसं मिळतील का? लोकांनी माना खाली घातल्या. त्या माना मला माळाईला नेलं त्या दिवसापासून ओळखीच्या आहेत.

त्या दिवसापासून मी रोज एका घरापुढं जातो. दार उघडत नाहीत. वाळीतल्या माणसाला कोण उघडणार? मी बाहेर उभा राहून मोठ्यानं सांगतो, माळाईला मी उचललं, मी घासलं, आणि मी खोटं बोललो. तुमच्या पोराला त्या गाडीला खांदा लावू देऊ नका. वर्षभरात सगळं गाव होईल. मग पहिल्या घरापासून परत सुरू करीन.