चार हाका, चार उत्तरं

अकोला ते अमरावती जेवढ्या दुकानांत, शाळांत आणि दवाखान्यांत इंटरनेटच्या तारा पोचल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या साडूंनी टाकल्या आणि उरलेल्या निम्म्या चुकीच्या टाकल्या गेल्या, असं त्यांचं ठाम मत आहे. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याला एकटेच राहतात. बायको जाऊन काही वर्षं झाली, स्वतःची साठी उलटली, तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तार दाबायची पक्कड असते. त्यांच्यासमोर 'नेट गेलं' म्हणायची सोय नाही. "नेट कुठी जात नाई," ते गरजतात, "रस्ता बंद पडते. कोनता रस्ता, थे सांगा!" एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय हो? साडूंनी जिलबी बाजूला सारली. "ही पंगत म्हंजे मोहल्ला. पयले आकडे सगळ्यायचे सारखे, शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. वाढनाऱ्याले नाव समजत नाई, आकडा समजते. तुमी सात, मी आठ." मग "सात नंबरले भात!" अशी आरोळी ठोकून, भात खरोखर सातव्या पानावर पडेपर्यंत त्यांनी कोणाला घास उचलू दिला नाही. गृहस्थांना आयपी अ‍ॅड्रेस कळला. मठ्ठा मात्र तोवर संपला.

पण माणूस खरा पाहावा तो कामावर. मागच्या हंगामात वरूडच्या एका संत्र्यांच्या गोदामातून त्यांना बोलावणं आलं. पेट्यांवर लेबल छापणारा प्रिंटर मधूनच मुका होई. दोन जाणकार येऊन गेले होते, प्रिंटर बदलून झाला होता, तार बदलून झाली होती. बाहेर तीन ट्रक उभे, आत संत्री तापत पडलेली, आणि मालक येरझाऱ्या घालत होता. साडूंनी कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या तारेवर बोट ठेवून ते देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे गोदामभर फिरले, मी त्यांच्या मागे. ऑफिसच्या कोपऱ्यात एक नवाकोरा कॅमेरा लावलेला दिसला. "हा कोनं लावला?"

"माह्या भावानं, गेल्या हप्त्यात," मालक म्हणाला. साडूंनी मोबाईलवर कॅमेऱ्याचा आकडा काढून पाहिला.

"त्यानं याले प्रिंटरचाच नंबर देऊन ठेवला. एका घर नंबरावर दोघं राहून राहिले. चिठ्ठी कोनाच्या हाती पडन?" त्यांनी कॅमेऱ्याचा शेवटचा आकडा बदलला आणि लेबलं धडाधड बाहेर पडू लागली. मालक पाहतच राहिला. "बस? एक आकडा?" "मंग? एक आकडा चुकला त तुमचा फोन तरी लागते का?" साडू म्हणाले आणि चहा मागितला.

हाच माणूस मी एका सकाळी घाबरलेला पाहिला. मी अकोल्याला त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. त्यांची एकुलती एक मुलगी नागपूरला नोकरी करते. तिच्या घरातला इंटरनेटचा डबा यांनीच बसवलेला. रोज सकाळी आंघोळ झाली की साडू कॉम्प्युटरवरून त्या डब्याच्या आकड्यावर 'चालू आहेस का?' अशा चार हाका पाठवतात, डब्याकडून चार उत्तरं येतात, आणि मग पोह्यांची फोडणी पडते. हे मला त्या दिवशीच कळलं, कारण त्या दिवशी उत्तर आलं नाही. पुन्हा चार हाका. पुन्हा काही नाही. मुलीचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. साडूंनी पायांत चपला सरकवल्या. "चाला, नागपूर." पोहे तसेच राहिले.

बस अमरावती सोडून तिवशापर्यंत आली तेव्हा तिचा फोन आला. मीटिंग होती, काय झालं बाबा? "काई नाई, सहज," म्हणून यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, उतरू या, परत जाऊ. "तिकीट नागपूरचं हाये," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आम्ही दारातच बसलो होतो. सगळं ऐकून ती आधी हसली. तिनं आदल्या संध्याकाळीच इंटरनेटची कंपनी बदलली होती. नवं कनेक्शन, नवा आकडा. अर्ध्या जिल्ह्याला पत्ते शिकवणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि हे तुम्ही रोज करता?" तिचं हसू थांबलं. "मग सरळ फोन काहून नाई करत, बाबा?"

"फोन केला का तू काम सोडतस," साडू जमिनीकडे पाहत म्हणाले. "डबा काम नाई सोडत."

आत जाऊन तिनं पिठलं टाकलं आणि स्वयंपाकघरातूनच, भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून, ऑफिसच्या, शेजाऱ्यांच्या, कसल्या कसल्या गोष्टी सांगत राहिली. साडू भिंतीला टेकून ऐकत होते. नवा डबा कोपऱ्यात लुकलुकत होता. त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये साडू एकदम म्हणाले, "साडभाऊ, पोरीचा आवाज अगदी तिच्या मायसारका झाला हो. मले मालूमच नव्हतं."